सामंतबाईंची झडप

सामंतबाई घराबाहेर पडताना उंबरठ्यावर साडी दोन बोटांनी वर उचलायच्या. घोट्याच्या वर, नेमकी. पावसाळ्यात कोणीही उचलेल. सामंतबाई मे महिन्यात उचलायच्या, दिवाळीत उचलायच्या, पैठणी नेसून लग्नाला निघाल्या तरी उचलायच्या. पाच-सहा पायऱ्या चढून कंपाउंडमध्ये आल्या की सोडायच्या. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "काही बायका देवळात शिरताना डोक्यावर पदर घेतात. मी सोसायटीत राहते, म्हणून साडी उचलते."

आमची 'सौजन्य' ही इमारत घाटकोपर पश्चिमेला, टेकडीचा उतार संपतो तिथे. रस्त्यावरून पाहिलं तर तळमजला आणि वर चार मजले. मागच्या बाजूने पाहिलं तर खाली आणखी एक. ह्या खालच्या जागेला बिल्डर 'लोअर ग्राउंड' म्हणाला होता. सोसायटीच्या कागदांत ती 'गाळा' होती. आम्ही तिला तळघर म्हणायचो आणि सामंतबाई पाताळ. त्यांचे यजमान कापडाच्या दुकानात होते. बायकोला शिवणवर्ग काढता यावा म्हणून त्यांनी हौसेने ती जागा घेतली आणि वर्ष-दोन वर्षांत गेले. "मला खाली ठेवून स्वतः वर गेले," बाई सांगायच्या. "पुरुषांना मजला निवडायला बरोबर कळतं."

पुढच्या अर्ध्या खोलीत शिवणवर्ग, मागच्या अर्ध्यात स्टोव्ह, खाट आणि मोरी-संडास. बाईंच्या घरात कमरेच्या खाली काही ठेवलेलं नसे. मशिनं विटांच्या चौथऱ्यावर, तांदळाचा डबा कपाटावर, देव तर इतक्या उंचावर की फूल वाहायला स्टूल लागे. कारण ती मोरी. जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एका वेळी आली की रस्त्याखालची गटारं तुंबायची. पाण्याला पुढे वाट नसली की ते मागे फिरतं आणि सगळ्यात खालचं भोक शोधतं. आमच्या भागातलं सगळ्यात खालचं भोक म्हणजे सामंतबाईंच्या मोरीची जाळी. आधी तिथून गुळगुळ आवाज यायचा, मग वास, मग जे काय यायचं ते यायचं. अख्ख्या रस्त्याने सकाळी निरोप दिलेल्या गोष्टी दुपारी बाईंकडे पाहुण्या म्हणून हजर व्हायच्या.

बाई पुराची उंची कपड्यांत सांगायच्या. "गेल्या साली फ्रॉक होता, यंदा मॅक्सी." भिंतीवर शिंप्याच्या निळ्या खडूने रेघ मारून ठेवायच्या आणि वर्गातल्या मुलींना त्या रेघेवरून उंची घ्यायला शिकवायच्या.

मी त्यांच्या डोक्यावर, मधला तळमजला सोडून पहिल्या मजल्यावर राहतो. माझा स्वभाव मुळातच अपराधी आहे. खिशात तिकीट असलं तरी बसचा कंडक्टर जवळ आला की मला घाम फुटतो. त्यामुळे आंघोळीला बसलो की प्रत्येक तांब्यागणिक मला खाली बाई दिसायच्या. इथे आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्याकडे पाणी भरलं, तेव्हा मी खाली गेलो. जिन्यात उभं राहून म्हणालो, "बाई, फार वाईट वाटलं हो. म्हणजे, एका परीने आम्ही सगळेच जबाबदार..."

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तशाच दाबून ओठ न उघडता बोलायच्या, त्यामुळे कुठलंही वाक्य टोचूनच बाहेर पडे.

"नवीन भाडेकरू?"

"मालक आहे. पहिल्या मजल्यावर."

"मग वाईट वाटून घ्यायला वरचा मजला पुरला नाही? इथे जागा नाही. तो झाडू घे."

दुपारभर मी झाडू मारला. तेव्हापासून त्यांनी माझं नाव 'अपराध्या' ठेवलं. माझ्या बायकोलाही जिन्यात विचारायच्या, "काय गं सुनीता, अपराध्या आला का ऑफिसातून? आज कोणाकोणाची माफी मागून आलाय?"

शिवण मात्र अशी की मुलुंडपासून बायका यायच्या. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि मापाच्या बाबतीत दयामाया नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रमाबेन दरवर्षी लाडात यायच्या, "बाई, माप नको घेऊ. गेल्या वरसाचाच ठेव ना." बाई टेप टाकतच म्हणायच्या, "गेल्या वर्षीचं माप गेल्या वर्षीच्या बाईला होईल. तिला घेऊन या, शिवते." रमाबेन रागावून जायच्या आणि ब्लाऊज अंगात चपखल बसलं की ढोकळा घेऊन परत यायच्या. इमारतीतल्या प्रत्येक बाईला सामंतबाईंचा राग होता आणि प्रत्येकीच्या कपाटात त्यांची शिवण होती.

आमचे चेअरमन दातारसाहेब. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि तळमजल्यावर राहणारे. सभेत ते 'तत्त्वतः' या शब्दाने सुरुवात करत. एका पावसाळ्यानंतर त्यांनीच बातमी आणली की गटाराच्या पाइपात बसवायची एक झडप मिळते. बिडाची, आत बिजागरीवर झुलणारं झाकण. घरातलं पाणी बाहेर जाताना ती उघडते, आणि बाहेरचं पाणी परत फिरलं की त्याच्याच दाबाने मिटते.

"म्हणजे एकदा गेलं की परत यायचं नाही," बाई म्हणाल्या. "सासरी दिलेल्या लेकीसारखं."

पण डोळे चमकले होते त्यांचे. त्यानंतर दर सर्वसाधारण सभेला बाई पहिल्या रांगेत बसून एकच विषय काढायच्या. झडप. तीन वर्षं दातारांनी तो पुढच्या सभेवर ढकलला. एका वर्षी गच्चीला रंग हवा होता, एका वर्षी गेटला कमान. चौथ्या वर्षी, पाणी परकराच्या नाडीपर्यंत चढून मुलींची नवी मशिनं बुडाल्यावर, बाई सभेला ओल्या साडीतच आल्या आणि दातारांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. वासामुळे त्या दिवशी चर्चा फार लांबली नाही.

प्रश्न फक्त झडप कुठे बसवायची एवढाच उरला. साधी गोष्ट होती. तळघराचा पाइप इमारतीच्या मोठ्या लाइनला मिळतो, त्याच्या अलीकडे, बाईंच्या पाइपातच. पण सहकारी सोसायटीत साध्या गोष्टी होत नसतात. दातार उभे राहिले. "तत्त्वतः, सर्वांचा निधी एका सभासदाच्या खाजगी मोरीत घालणं न्याय्य नाही. झडप सामायिक लाइनवर, गेटजवळच्या चेंबरमध्ये बसेल. लाभ सर्वांना समान."

समान म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. बाईंनी दोन्ही केले. "कुठेही बसवा मेल्यानो," त्या म्हणाल्या, "पण बसवा."

प्लंबरलाही गेटजवळचं चेंबर सोयीचं होतं, तळघरात वाकून काम करायला नको. झडप बसली. दातारवहिनींनी तिला हळद-कुंकू वाहिलं, बाईंनी नारळ फोडला, सगळ्यांना पेढे मिळाले. गटाराच्या चेंबरभोवती उभं राहून पेढे खाणारी आमची बहुधा पहिलीच सोसायटी. बाईंनी त्या आठवड्यात देव दोन फळ्या खाली उतरवले.

पुढचा मोठा पाऊस शनिवारी रात्री लागला. रविवारी सकाळी भरती. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर एक पौराणिक मालिका लागायची, आणि ती आंघोळ करूनच बघायची असा इमारतीचा नेम होता. टीव्हीला हार घालत. साडेनऊच्या आत लहानथोर सगळे न्हाऊन हात जोडून तयार. अशा त्या पवित्र वेळी रस्त्यावरची गटारं उकळ्या फोडत होती आणि आमचं कंपाउंड कोरडं होतं. दातारसाहेब छत्री घेऊन गेटात उभे राहून शेजारच्या सोसायटीला दाखवत होते, "बघा. झडप मिटली. थेंब नाही आत!"

झडप मिटली होती हे अगदी खरं. चांगली घट्ट मिटली होती. त्यामुळे रस्त्याचं पाणी आत येईना आणि आमचं पाणी बाहेर जाईना. चार मजल्यांची धार्मिक आंघोळ बंद दरवाजापाशी येऊन थांबली, मागे फिरली आणि सगळ्यात खालचं भोक शोधू लागली.

सामंतबाईंनी मला नंतर सांगितलं की या वेळचा पूर वेगळा होता. आधी फेस आला. मग शिकेकाई आली. ती दुसऱ्या मजल्याची, हे त्यांनी वासावरून ओळखलं. मग रमाबेनच्या चंदनाच्या साबणाचा वास. मग ज्याला साबण लागत नाही ते सगळं. "पूर्वी परक्यांची घाण यायची," बाई म्हणाल्या. "आता घरच्यांची येते. झडपेने माणसं किती जवळ आणली बघ."

त्या वर धावल्या. मजल्यामजल्यावर दारं ठोठावली. आतून शंखनाद ऐकू येत होता. एका दारातून उत्तर आलं, "जाहिराती लागल्या की या!" मी दार उघडलं तेव्हा बाई पुढे निघून गेल्या होत्या. गुडघ्यापर्यंत भिजलेलं लुगडं, एका हातात छत्री, दुसऱ्यात वर्गातलं स्टूल.

"बाई, कुठे निघालात?"

"वर. देवाने खालची हाक ऐकायची बंद केलीय."

गच्चीत जाऊन त्यांनी पाण्याच्या टाकीचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला. मग त्याच्यासमोर स्टूल ठेवलं, छत्री उघडली आणि बसल्या. मालिका संपली, नळ फुरफुरले आणि थोड्या वेळात अर्धी इमारत छत्र्या घेऊन गच्चीत आली. दातारसाहेब सर्वांत पुढे.

"सामंतबाई, हे काय? पाणी का बंद केलंत?"

"झडप बसवली."

"कसली झडप?"

"तुम्ही खाली बसवलीत, मी वर बसवली. बाहेरच्यांचं पाणी येऊ नये म्हणून तुमची. आपल्या माणसांचं येऊ नये म्हणून माझी."

"अहो, पण सगळी बिल्डिंग खोळंबली आहे!"

"मग जाऊ दे की बाहेर. बाहेर जाणाऱ्याला झडप अडवत नाही, असं तुम्हीच सांगितलंत सभेत."

रमाबेन रडकुंडीला आल्या होत्या. "बाई, माझे मिस्टर आत बसलेले हाय! फ्लशला पानी नाय!"

"त्यांना म्हणावं दम धरा. पुढचा भाग पुढच्या रविवारी."

कोणीतरी हसलं. दातारांनी तिकडे वळून पाहिलं, म्हणून माझंही हसू आत गेलं. ते म्हणाले, "तत्त्वतः झडपेचं काम बरोबर आहे..."

"तत्त्व कोरडंच आहे हो तुमचं. ओली मी आहे." मग आवाज एकदम खाली आला. "गौरी-गणपतीची ब्लाऊजं होती खाटेवर. तुमचीच. आणि मीच खुळी. देव खाली उतरवले."

मी नेहमीचा चेहरा करून पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू नको हां आता सुरू करू, अपराध्या. छत्री धर. हात भरून आला."

ओहोटी लागेपर्यंत मी छत्री धरून उभा होतो.

चूक कुठे झाली ते आता सर्वांना कळलं होतं. पण पेढे वाटलेली चूक मागे घ्यायची कशी? कमिटीने तोडगा काढला की झडप मिटली की कोणी पाणी वापरू नये. पण झडप मिटली हे कळणार कसं? दातार म्हणाले, परिपत्रक काढू. बाई म्हणाल्या, परिपत्रक वाचेपर्यंत माझा फ्रॉक भिजतो. गेटजवळच्या कण्हेरीला गणपतीच्या दिव्यांसाठी बांधलेला उंच बांबू वर्षभर तसाच असे. मोरीत पहिला गुळगुळ आवाज झाला की बाई वर यायच्या आणि त्या बांबूवर एक परकर चढवायच्या. लालभडक, घेरदार, सगळ्या खिडक्यांतून दिसेल असा. परकर वर असेपर्यंत नळ बंद, साखळी ओढायची नाही. दातार कळवळले, "अहो, शेजारच्या सोसायट्या बघतात!"

"बघू देत. तुमच्या झडपेपेक्षा शिवण चांगली आहे."

आणि लोक पाळायचे. टाकीच्या व्हॉल्व्हची धास्ती होती. माझा मुलगा शाळेत सांगून आला की आमच्याकडे परकर फडकला की आंघोळीला सुट्टी.

पण हे काही राहणं नव्हतं. पावसाळाभर बाई वर्ग सोडून त्या जाळीवर कान लावून बसायच्या. मुली गळू लागल्या. कोणाच्या आईला वास नको होता, कोणाला परकराचं हसू येत होतं. वर्ग बंद पडला असता तर बाईंना गावी जाण्याशिवाय वाट नव्हती, आणि मी तेव्हा त्यांना एकदाच गंभीर पाहिलं. मशिनचं चाक हाताने फिरवत म्हणाल्या, "माका हाकलून काढूक कोण येणा नाय रे. पाणीच धाडतत." त्यांच्या तोंडात मालवणी आली की समजायचं, टाचण्या संपल्या.

त्यांनी कमिटीकडे पुन्हा अर्ज केला, की एक लहान झडप माझ्या पाइपात बसवा. दातारांनी तो पुढच्या सभेवर ढकलला. बाई मशिनवर जाऊन बसल्या. गौरी-गणपती आठवड्यावर आले तसे मात्र तळघराच्या दारातून एकामागून एक बायका रिकाम्या हाताने वर येऊ लागल्या.

"झालं का ब्लाऊज?" सुनीता विचारायला गेली.

"झालं. शिवून, हूक लावून, इस्त्री करून ठेवलंय."

"मग द्या ना."

"तत्त्वतः तुझंच आहे गं. पुढच्या सभेत देईन."

सगळ्या इमारतीची ब्लाऊजं बाईंनी एका साडीत बांधली आणि ते बोचकं छताच्या हुकाला टांगलं. रमाबेननी नवरात्राच्या चणिया-चोळीचं कापड बाईंकडे दिलेलं, त्यांना तर झोप लागेना. दातारवहिनींचं जरीकाठी ब्लाऊज सगळ्यात वर होतं, खिडकीतून दिसेल असं. कमिटीच्या पुरुषांना आपापल्या घरी काय ऐकावं लागलं ते मला माझ्या घरावरून ठाऊक आहे. दोन दिवसांत तातडीची सभा झाली. आजवर सभेला न आलेल्या बायका पहिल्या रांगेत बसल्या. दातार उभे राहिले, "तत्त्वतः..." आणि मागून दातारवहिनींचा आवाज आला, "अहो, बसा खाली." ठराव मंजूर.

या वेळी नारळ नाही, पेढे नाहीत. बाई स्टुलावर बसून प्लंबरच्या हातांकडे बघत होत्या. लहानशी झडप त्यांच्याच पाइपात बसली. संध्याकाळी बोचकं सुटलं.

गेटजवळची मोठी झडप काढून टाका, असं बाईंनी सुचवलं. दातारांनी साफ नाकारलं. ती त्यांच्या कारकिर्दीची खूण होती. बाई म्हणाल्या, "राहू दे तर. पाणी आपलं बघून घेईल."

पाण्याने बघून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही झडपा मिटल्या. तळघर कोरडं ठणठणीत. चार मजल्यांचं पाणी बाईंच्या दारावरून परत फिरलं आणि त्याच्या वरचं भोक शोधू लागलं. आमच्यासमोरचा रस्ता दरवर्षी डांबराचा थर चढवून उंच होत गेला होता आणि तळमजला होता तिथेच होता. दातारसाहेब मालिकेपुढे हात जोडून बसले असताना त्यांच्या न्हाणीघरातून गुळगुळ आवाज आला.

परकर त्या वर्षी बाईंनी धुऊन घडी घालून ठेवला होता. दातारसाहेब पायऱ्या उतरून तळघराच्या दारात आले. मी तिथेच होतो, मुलाची चड्डी उसवली होती ती घेऊन.

"सामंतबाई," साहेब म्हणाले, "तो... तो आपला लाल..."

"काय लाल?"

"तो बांबूवरचा."

"नाव घ्या ना साहेब. लाजता कशाला, तत्त्वतः कापडच आहे."

साहेबांनी मान खाली घालून नाव घेतलं. बाईंनी परकर काढून त्यांच्या हातात दिला. भर पावसात चेअरमनसाहेब कण्हेरीपाशी लाल परकर बांबूवर चढवताहेत, हे दृश्य सौजन्य सोसायटीने चारही मजल्यांवरून पाहिलं. मग सगळ्यांनी निमूट नळ बंद केले.

बाईंना एकच अडचण उरली. त्यांची झडप मिटली की त्यांचंही पाणी आतच राहायचं, आणि ती सगळ्यात खाली म्हणून परकर उतरल्यावरही उशिरा उघडायची. मग पावसाच्या दिवशी त्या खांद्यावर टॉवेल टाकून आमच्याकडे यायच्या. "इतकी वर्षं तुमचं माझ्याकडे यायचं," न्हाणीघराचं दार लावता लावता म्हणायच्या, "आता मी येते. फिटंफाट." सुनीताने त्यांच्या टॉवेलसाठी एक खिळाच मारून ठेवला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या मनाने आंघोळ करू लागलो.

पुढे त्यांचे डोळे उणावले. सुईत दोरा ओवायला मुलींना हाक मारू लागल्या. वर्ग भरलेला असतानाच त्यांनी तो बंद केला आणि कुडाळला बहिणीकडे जायचं ठरवलं. "घर कौलारू आहे," म्हणाल्या. "वर कोणी नाही, खाली कोणी नाही. बोलायचं कोणाशी हा प्रश्नच आहे."

निघाल्या त्या मे महिन्यातल्या एका पहाटे. निरोप नको म्हणून माझ्याशिवाय कोणाला वेळ सांगितली नव्हती. मी बॅग घेऊन रिक्षापर्यंत गेलो. नाक्यावरून कोकणची गाडी होती. तळघराच्या उंबरठ्यावर त्यांनी साडी दोन बोटांनी उचलली, पायऱ्या चढल्या, पण वर कंपाउंडमध्ये आल्यावर नेहमीसारखी सोडली नाही. तशीच धरून रिक्षात बसल्या.

मी म्हणालो, "बाई, काही चुकलंमाकलं असेल तर..."

"झालं सुरू." त्यांनी माझ्या गालावर थापटल्यासारखं केलं. "एक काम कर. आज दुपारपर्यंत कोणाला काही बोलू नको. जमेल?"

कशाबद्दल ते मला कळलं नाही. रिक्षा वळली, तिच्या कडेला साडीचा काठ आणि उचललेली दोन बोटं दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

परत फिरलो तेव्हा उजाडलं होतं. गेटापाशी आलो आणि वर पाहिलं. कण्हेरीच्या बांबूवर लाल परकर होता. नवा शिवलेला असावा, घेर चांगला मोठा दिसत होता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

मी घरी गेलो. इमारत उठत होती, पण एकही नळ वाजेना. खिडक्यांतून तोंडं बाहेर येत, परकराकडे बघत, आकाशाकडे बघत आणि आत जात. दातारसाहेब कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल अशा थाटात बाल्कनीत आले. निळ्या आभाळाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, परकराकडे पाहिलं आणि आंघोळ न करता आत गेले. रमाबेननी वरून हाक मारून मला विचारलं, "भाऊ, काय झाला? भरती हाय का?"

"असेल," मी म्हणालो.

मग दार लावून घेतलं आणि पारोसाच खुर्चीत बसलो. सुनीताने विचारलं, असा एकटाच का हसतोस. मी काही सांगितलं नाही. अपराधी वाटेल म्हणून वाट पाहत होतो. ऊन चढलं, परकर वाऱ्यावर फुगला, तरी वाटलं नाही.